चूक नेहमी आपल्याच अंगावर का पडते?

बायांनो, भावांनो आणि घरी बसून हे पत्रक दुसऱ्याकडून वाचून घेणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांनो,

आमच्या पाड्यावर एक आजी आहे. सही येत नाही, अंगठा लावते. तिचं कार्ड अंत्योदयचं, म्हणजे महिन्याला ३५ किलो धान्य. त्या महिन्यात २० किलो तांदूळ आणि १५ किलो गहू आले होते. तेव्हा तांदूळ ३ रुपये किलो होता, गहू २ रुपये किलो. हा दर सरकारने ठरवलेला होता, शेठने नाही. आजी दुकानाच्या ओट्यावर बसली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "तांदळाचे तीन विसा, गव्हाचे दीड विसा. साडेचार विसा झाले. नव्वद."

गल्ल्यावर शेठचा पोरगा होता. कॉलेजला जाणारा. त्याने मोबाईल काढला, ३५ दाबले, गुणिले ३ केले. १०५ आले. म्हणाला, "सुट्टे नाहीत, ११० दे."

आजी म्हणाली, "नाय रं पोरा. गव्हाचा दर येगळा हाय."

"ए म्हातारे, मोबाईल खोटं बोलतो काय? शाळा कुठल्या बाजूला आहे ते तरी माहीत आहे का तुला?"

रांगेतली माणसं हसली. ती शेठची माणसं नव्हती, आपलीच होती. मीही रांगेत होते. मी हसले नाही, पण लगेच बोललेही नाही. का, ते खरं सांगते. मी बारावी शिकलेली, पण आजीचा हिशोब बरोबर आहे की पोराचा हे कळायला मला वेळ लागला. आजीने बोटांवर केलं ते मला कागदाशिवाय जमेना. मी जेव्हा "दादा, नव्वदच होतात" म्हणाले तेव्हा आजी ११० देऊन पिशवी डोक्यावर घेऊन उतरली होती.

मोबाईल खोटं बोलत नाही हे खरं आहे. त्यात जे घालाल त्याचंच उत्तर तो देतो. पोराने सगळं धान्य तांदूळ धरलं, तर मोबाईलला काय माहीत की पोत्यात गहू आहे? पुन्हा सुट्ट्यांच्या नावाने ५ रुपये वर. एका कार्डावर २० रुपये जास्त गेले. समजा एका दुकानावर अशी ६० कार्डं आहेत, तर महिन्याला १२०० रुपये. वर्षाला १४,४००. आणि हे फक्त पैशांचं झालं. वजनात किलो-दोन किलो जातात ते वेगळे, डब्याचं वजन धान्यात धरतात ते वेगळं.

मी हे सांगितलं तेव्हा आमच्याच एका शिकलेल्या भावाने मला समजावलं, "अगं, तो पोरगा काय चोर नाही, त्याचं गणित कच्चं आहे. आजकाल सगळ्या पोरांचं तसंच आहे."

बरं. मान्य करू. गणित कच्चं आहे. मग मला एवढंच सांगा, गणित कच्चं असलेला माणूस कधी चुकून कमी पैसे घेईल, कधी चुकून जास्त. चूक ही नाणं उडवल्यासारखी असते, कधी छापा, कधी काटा. तुम्ही आयुष्यभर दुकानात, कचेरीत, बँकेत जाताय. किती वेळा असं झालं की चूक झाली आणि आपल्या पिशवीत दोन किलो जास्त आले? किती जणांच्या हक्कपत्रात चुकून जमीन वाढली? मी चार पाड्यांत विचारलं. एक काका म्हणाले, एकदा बँकेतल्या बाईने ५०० ची एक नोट जास्त दिली होती. आणि ती नोट परत न्यायला संध्याकाळच्या आत बँकेचा माणूस मोटारसायकलवर पाड्यावर आला. एरवी तो बँकेचा माणूस पाड्यावर कधी आलेला कोणी पाहिला नव्हता.

त्या गोष्टीतच सगळं आहे. गल्ल्यामागच्या माणसाच्या दोन्ही बाजूंनी चुका होतात. पण जी चूक त्याच्या अंगावर पडते ती तो संध्याकाळी शोधून काढतो, कारण पैसे त्याला भरावे लागतात. जी आपल्या अंगावर पडते ती शोधायला कोणी बसलेलं नाही. ती तशीच राहते, वर्षानुवर्षे राहते, आणि मग तोच रिवाज होतो. "इथे असंच घेतात." म्हणून मी प्रत्येकाला चोर म्हणत नाही. काही चोर आहेत, ते आपल्याला नावानिशी माहीत आहेत. पण जो चोर नाही त्याचाही फायदा त्याच बाजूला होतो, कारण त्याला तपासणारं कोणी नाही.

हे मला कुठे कळलं? माझ्या स्वतःच्या चुकीतून. गेल्या सभेला वर्गणी माझ्याकडे होती. ५ रुपये माणशी, ३७ माणसं. मी वहीत १७५ लिहिले. पैसे मोजून डब्यात टाकले नाहीत, पिशवीत ठेवले. दुसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या बायांनी वही मागितली, आणि त्यांच्यातली एक, जी कधी शाळेत गेली नाही, म्हणाली, "सदतीस पंचे पावणेदोनशे कसे होतील? दहा रुपये कुठं गेले?" १८५ पाहिजेत. दहा रुपये माझ्या पिशवीतच होते. मी चोरले नव्हते. पण त्या बाईने विचारलं नसतं तर मी पिशवी कधी उलटी केली असती का? नाही. उलट १९५ लिहिले असते आणि दहा रुपये कमी भरले असते, तर त्याच रात्री मी सगळं घर शोधलं असतं. मला राग आला होता तिचा, हेही सांगते. एवढ्या दहा रुपयांसाठी कार्यकर्तीला विचारतात! मग लक्षात आलं, गल्ल्यावरच्या पोरालाही आजीचा असाच राग आला असणार.

आता रोजगार हमीचं बघा. तिथे हजेरी लावली म्हणजे मजुरी मिळाली असं नाही. खोदकामाचं मोजमाप होतं आणि मोजमापावर पैसे निघतात. समतल चराचं काम घ्या. ३ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल. तिन्हींचा गुणाकार केला की एका चराची माती निघते ०.५४ घनमीटर. मोजायला साहेब आला, उन्हात घाई, टेप एका बाजूने सैल, रुंदी लिहिली ५० सेंटिमीटर. माती झाली ०.४५ घनमीटर. "दहा सेंटिमीटरने काय होतंय?" असं म्हणतात. सहावा हिस्सा गेला, हे होतंय! २०१२-१३ चा दर दिवसाला १४५ रुपये होता. सहा दिवसांचे ८७० होतात. सहावा हिस्सा कापला की ७२५. म्हणजे टेपच्या एका वितीपेक्षा कमी फरकात एका माणसाचा आख्खा एक दिवस मातीत गेला. आणि पाऊस पडून चरात गाळ बसल्यावर मोजायला आले तर खोलीही जाते. तेव्हा कचेरीत काय ऐकायला मिळतं? "तुमच्या लोकांनी काम कमी केलं." चूक टेपची आणि आळशी आपण.

बँकेचं जास्त सांगत नाही, सगळ्यांना माहीत आहे. स्लिपवर अक्षरात आणि आकड्यात जुळलं नाही म्हणून आपल्याला दोनदा परत पाठवतात. लक्षात ठेवा ही गोष्ट, अक्षरात आणि आकड्यात जुळायला पाहिजे हा त्यांचा नियम आहे. पुढे कामाला येईल.

आता जमिनीकडे येते, कारण या पत्रकाचं खरं काम तेच आहे.

आमच्या भागातल्या एका कुटुंबाने वनहक्काचा दावा केला. प्लॉट १ एकर २० गुंठे. आजापासून कसतात, नागली-वरई काढतात. ग्रामसभेने, वन हक्क समितीने जागेवर जाऊन पाहिलं, ठराव केला. नवरा-बायको दोघांच्या नावाचं हक्कपत्र आलं. गावात पेढे वाटले. कोणी वाचलं नाही. का वाचायचं, सरकारचा शिक्का आहे! चार महिन्यांनी पोरगा सुट्टीत घरी आला, त्याने वाचलं. क्षेत्र लिहिलंय ०.०६ हेक्टर.

हिशोब समजून घ्या, हळू वाचा. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे १ गुंठा. ४० गुंठे म्हणजे १ एकर. सरकारी कागद हेक्टर आणि आरमध्ये असतो. १०० आर म्हणजे १ हेक्टर, आणि १ हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच, गुंठा किंचित मोठा. मग १ एकर २० गुंठे म्हणजे ६० गुंठे, म्हणजे साधारण ६० आर, म्हणजे ०.६० हेक्टर. आणि कागदावर आहे ०.०६, म्हणजे ६ आर. सहा गुंठे. त्यात घर, अंगण आणि गुरांचा गोठा बसेल. दहा हिश्शांतले नऊ हिस्से गेले.

आम्ही कचेरीत गेलो. भाऊसाहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "शून्याचा फरक आहे. शून्याला काय किंमत असते?" मी पुन्हा सांगते, ही थट्टा नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं. टिंबानंतर शेवटी शून्य असलं तर त्याला किंमत नसते, ०.६ आणि ०.६० एकच, हे त्यांना आठवत होतं. पण टिंबाच्या लगेच मागे शून्य घुसलं की आकडा दहापट खाली जातो, हे शाळेतच सुटलं होतं. आणि ज्याला हे येत नाही तो माणूस खुर्चीवर बसून शेकडो कुटुंबांची जमीन लिहितो! आमच्या पोराला मात्र फळ्यावर भागाकार आला नाही म्हणून आश्रमशाळेत ओणवं उभं केलं होतं.

दुसरी एक चूक याहून लपलेली आहे. १ एकर २० गुंठे आपले लोक १.२० असं लिहितात. कचेरीत तेच टिंब दशांश समजतात, १.२० एकर. एकराचे दोन दशांश म्हणजे ८ गुंठे. म्हणजे १ एकर ८ गुंठे झाले, १२ गुंठे हवेत. यात आपलीही चूक आहे, मान्य करायला पाहिजे. टिंब देऊ नका. "१ एकर २० गुंठे" असं पूर्ण लिहा.

तिसरी गोष्ट यंत्राची. जीपीएस घेऊन मोजायला येतात. आपल्या शेताला एका माणसाने यंत्र हातात घेऊन फेरा मारायचा आणि यंत्र क्षेत्र सांगणार. यात फसवणूकच असते असं मी म्हणत नाही. डोंगरउतारावरची जागा दोरीने जमिनीला चिकटून मोजली तर जास्त भरते, आणि यंत्र वरून बघितल्यासारखं सपाट मोजतं म्हणून कमी भरते. चांगल्या चढाच्या जागेत दहा गुंठ्यांमागे गुंठा-सव्वा गुंठा फरक या कारणानेच पडू शकतो. आणि यंत्र चार-पाच मीटर इकडेतिकडे चुकतं, मोठ्या शेताला ते कळत नाही, लहान तुकड्याला कळतं. पण मोजणारा माणूस बांधावरून न जाता सावलीतून फेरा मारून आला तर त्याला यंत्राची चूक म्हणायची नाही. यंत्राने तो जिथून चालला ते मोजलं. मोबाईलसारखंच.

काही जण म्हणतील, अजून जमीन मिळाली नाही तिथे तुम्ही टिंब-शून्य काय घेऊन बसलात? मोर्चा काढा. मोर्चे आपण काढलेच. पण मोर्चात मिळवलेली जमीन टेबलावर एका शून्याने परत जाते, त्याचं काय? आणि ही काही नवी लढाई नाही. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागात वारली उठले, तेव्हा वेठ आणि लग्नगडी बंद करा या मागणीबरोबर एक मागणी आकड्यातली होती, ५०० पौंड गवत कापायला अडीच रुपये. नुसतं "मजुरी वाढवा" नाही, किती वजनाला किती पैसे ते सांगून. कारण वजन सावकाराच्या काट्यावर आणि हिशोब सावकाराच्या वहीत असला की मजुरी कितीही वाढवली तरी हातात काही येत नाही, हे त्या न शिकलेल्या माणसांना ठाऊक होतं. लग्नाला घेतलेलं कर्ज जन्मभर राबूनही फिटत नसे, ते कुठल्या गणिताने? गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' कोणाकडे असेल तर पाड्यावर मोठ्याने वाचा.

आणि आपण गणितात कमी आहोत हे मला कोणी सांगू नये. चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली, विसाचा हिशोब, हे सगळं आपल्या म्हाताऱ्या बाया अंधारात चुलीपुढे बसून करतात. कमी आहोत ते आम्ही, दहावी-बारावीवाले. आम्ही आजीचं सोडलं आणि मास्तरचं शिकलो नाही. आश्रमशाळेत दोन-दोन वर्षं गणिताला मास्तर नसायचा, आठवीपर्यंत सगळे पास. मी अकरावीला आर्ट्स घेतलं ते गणित सुटावं म्हणून. तेव्हा कोणी सांगितलं नाही की सुटलेलं गणित पुढे रेशनच्या ओट्यावर भेटणार आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की रांगेत हसायचं बंद करा. ज्या दिवशी आजी गल्ल्यावर बोलेल त्या दिवशी मागच्या माणसाने "थांब, पुन्हा मोज" एवढं तरी म्हणायचं. पैसे दिल्यावर भांडून उपयोग नाही, ओट्यावरून उतरायच्या आधी मोजायचं, आणि पावती मागायची. दुकानावर दराचा आणि आलेल्या मालाचा फळा लावणं बंधनकारक आहे. फळा नसेल तर तसं लिहून तहसीलला द्यायचं, त्याची पोच घ्यायची. चर मोजायला येतील त्या दिवशी टेपचं दुसरं टोक आपल्या माणसाच्या हातात पाहिजे आणि आकडा मोठ्याने वाचून घ्यायचा, मगच हजेरीपटावर अंगठा. प्लॉट मोजताना घरातली बाई बांधावरून पुढे चालेल आणि यंत्रवाला तिच्या मागे.

आणि कचेरीकडे आपली मागणी एकच आहे. बँकेत आपल्या ५०० रुपयांच्या स्लिपवर अक्षरी रक्कम लागते. मग आपल्या जमिनीच्या हक्कपत्रावर अक्षरी क्षेत्र का नको? "०.६० हेक्टर, अक्षरी साठ आर" असं लिहा. एक ओळ लागते. टिंब कुठेही पडलं, शून्य कुठेही घुसलं, तरी "साठ" चं "सहा" होणार नाही. (हे पत्रक सायक्लोस्टाईल करताना स्टेन्सिलवर टिंब उमटत नाही कधी कधी. म्हणून पाड्यावर वाचून दाखवणाऱ्याने वरचे आकडे टिंब कुठे आहे ते बघून वाचावेत. शून्य टिंब सहा शून्य, आणि शून्य टिंब शून्य सहा.)

ज्या कुटुंबाची गोष्ट सांगितली त्यांचा दुरुस्तीचा अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. उत्तर अजून नाही. सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्ती नियमांप्रमाणे दाव्यातलं क्षेत्र कमी करायची शिफारस झाली तर ते दावेदाराला समक्ष कळवावं लागतं आणि कळवल्यापासून ६० दिवसांत दाद मागता येते. यांना कोणी काही कळवलं नाही. मग एक तर ही चूक आहे, तर ती दुरुस्त करा. नाही तर हा निर्णय आहे, मग कारण लिहून द्या. दोन्हींतलं एक त्यांना सांगावंच लागेल, आणि आम्ही दर सोमवारी विचारायला जाणार आहोत.

तुमच्या पाड्यावर हक्कपत्रं आली असतील तर येत्या आठवडी बाजाराला बरोबर आणा. पेटीतून काढा, प्लास्टिकमधून काढा, खराब होईल म्हणून ठेवून देऊ नका. दाव्याच्या अर्जाची नक्कल, ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल आणि हक्कपत्र, तिन्ही समोरासमोर ठेवून आकडे जुळवू. बाजाराच्या वरच्या अंगाला, वडाखाली, सकाळी ११ वाजल्यापासून मी आणि महिला मंडळाच्या दोन बाया बसणार आहोत. ३३ फुटांची दोरी गाठ मारून तयार आहे, ज्यांना आपला प्लॉट स्वतः मोजायचा त्यांनी नेऊन चार दिवसांत परत आणावी. रेशनवाली आजीही येणार आहे. माझे आकडे ती तपासणार आहे.